नवी वस्तु, नवें नांव आणि जुना बाजार

नवें यंत्र निर्माण करणें अवघड खरेंच. परंतु तें लोकांच्या घरांत नेऊन पोंचविणें त्याहून अवघड आहे, ही गोष्ट आपल्या पांढरपेशा समाजास अद्यापि पुरतेपणीं उमगलेली नाहीं. मुलगा हुशार निघाला, अभियांत्रिकीच्या परीक्षेंत वरच्या वर्गांत उत्तीर्ण झाला आणि त्यानें स्वतःच्या कल्पनेनें एखादें उपयुक्त उपकरण तयार केलें, कीं आतां लक्ष्मी आपण होऊन दारीं येणार असें आपणांस वाटूं लागतें. आपल्या घराण्यांतून विद्या आली, नोकरी आली, निवृत्तिवेतनही आलें. दुकान मात्र फारसें आलें नाहीं. परीक्षेंत ज्याप्रमाणें उत्तम पेपर लिहिणाऱ्यास गुण मिळतात, त्याचप्रमाणें बाजारांतही उत्तम वस्तूस गिऱ्हाईक मिळत असेल, असा आपला समज असतो. बाजार हा परीक्षक नव्हे, हें समजेपर्यंत पुष्कळदां घरचें किडूकमिडूक संपलेलें असतें.

या विषयावर चार शब्द लिहावयास कारण घरचेंच घडलें आहे. माझ्या एका भाच्यानें वृद्ध माणसांसाठीं औषधाची एक डबी तयार केली आहे. डबीस आठवड्याच्या सात दिवसांचे कप्पे आहेत. गोळी घेण्याची वेळ झाली कीं ती घंटा वाजविते, त्या कप्प्याशीं दिवा लागतो, आणि अर्ध्या तासांत झांकण उघडलें गेलें नाहीं तर मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाईलवर तसा निरोप जातो. डबी खरोखर चांगली आहे. पुण्यांत भाड्याच्या एका जागेंत सहा माणसें मिळून महिन्यास सुमारें चारशें डब्या तयार करतात. गेल्या दिवाळीनंतर एका मोठ्या विक्री-पेढीचें त्यास पत्र आलें. वर्षास वीस हजार डब्या घेण्याची तिची तयारी होती. अटी तीन होत्या. डबीवर नांव पेढीचें असावें, भाच्याचें नसावें. पैसे माल पोंचल्यावर नव्वद दिवसांनीं मिळावे. आणि न खपलेला माल परत घ्यावा.

घरांत आनंदीआनंद झाला. परंतु चारशें डब्यांचा कारखाना सोळाशें-सतराशें डब्यांचा करावयाचा तर नवे सांचे, नवीं यंत्रें आणि मोठी जागा हवी. त्यास चाळीस लक्ष रुपये लागणार होते. माझी बहीण विधवा आहे. शाळेंत शिकवून ती निवृत्त झाली. तिच्या नांवावर एक राहतें घर आहे, तेंही तिच्या यजमानांनीं भविष्यनिर्वाहनिधीच्या पैशांतून घेतलेलें. तें घर बँकेकडे गहाण टाकण्याचे कागद घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "दादा, तूं उभा जन्म बँकेंत कर्जें दिलींस. सही करूं कीं नको, एवढेंच सांग."

मीं तिला चार दिवस थांबावयास सांगितलें. त्या चार दिवसांत मला वारंवार आठवण झाली ती एका जपानी कंपनीची. तिची हकीकत बहुतेकांच्या कानांवर अर्धवट आलेली असते; ती नीट सांगितली तर माझ्या बहिणीसारख्या अनेकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

वडिलांची संमति

७ मे १९४६ रोजीं टोकियोंत "टोकियो त्सुशिन कोग्यो" या नांवाची एक लहानशी कंपनी स्थापन झाली. भांडवल १ लक्ष ९० हजार येन, माणसें वीस-पंचवीस, आणि जागा म्हणजे युद्धांत होरपळलेल्या एका मोठ्या दुकानाच्या इमारतींतील खोली. संस्थापक दोघे होते. मासारु इबुका हे यंत्रज्ञ, तर आकिओ मोरिता हे भौतिकशास्त्राचे पदवीधर. हीच कंपनी पुढें १९५८ सालीं "सोनी" या नांवानें ओळखली जाऊं लागली.

मोरितांच्या घरची गोष्ट आपल्या वाचकांस विशेष वाटेल. त्यांच्या घराण्यांत तीनशें वर्षांहून अधिक काळ तांदुळापासून मद्य गाळण्याचा धंदा चालत आला होता आणि आकिओ हे थोरले चिरंजीव. पंधराव्या पिढीचे वारस. थोरल्या मुलानें घरची गादी सोडून परक्याच्या धंद्यांत शिरणें ही त्या समाजांत लहान गोष्ट नव्हती. म्हणून इबुका आणि त्यांचे सासरे आगगाडीनें मोरितांच्या गांवीं गेले आणि मुलगी मागावयास जावें तसा त्यांनीं वडिलांपाशीं मुलगा मागितला. वडिलांनीं संमति दिली. पुढें गरज पडेल तेव्हां पैसेही दिले. पण हे पैसे त्यांनीं हळूहळू कंपनीच्या भागांत रूपांतरित होऊं दिले. अर्थात् धंदा बुडता तर पैसे बुडते, घर बुडतें ना. वडिलांच्या मदतीचें हें स्वरूप लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

वस्तु आधीं कीं गरज आधीं?

या कंपनीचा पहिला प्रयत्न हास्यास्पद ठरला. लांकडी पिंपाच्या तळाशीं ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून विजेवर भात शिजविण्याचें एक भांडें त्यांनीं केलें. भात कधीं कच्चा राही, कधीं त्याची पेज होई. तांदूळ आणि पाणी यांचें प्रमाण बदललें कीं सारेंच बिघडे. तें भांडें बाजारांत गेलेंच नाहीं.

दुसरा धडा मात्र अधिक महत्त्वाचा होता. १९५० सालीं त्यांनीं ध्वनिमुद्रणाचें यंत्र, म्हणजे टेप रेकॉर्डर, तयार केलें. त्याचें वजन ३५ किलो आणि किंमत दीड लक्ष येनांहून अधिक. त्या काळीं पदवीधर तरुणास महिन्याला दहा हजार येनही मिळत नसत. मोरिता यंत्र मोटारींत घालून ठिकठिकाणीं नेत, लोकांचा आवाज त्यांनाच ऐकवीत. लोक आश्चर्य करीत, हंसत, टाळ्या वाजवीत आणि विकत न घेतां घरीं जात. एवढ्या पैशांचें हें खेळणें घेऊन करावयाचें काय?

अशा निराशेंत एके दिवशीं मोरिता जुन्या वस्तूंच्या एका दुकानापाशीं थांबले असतां त्यांनीं एक विलक्षण प्रकार पाहिला. एका गृहस्थानें एक जुनी फुलदाणी विकत घेतली, आणि तिच्यासाठीं त्यानें मोजलेले पैसे या यंत्राच्या किंमतीहूनही अधिक होते. मोरितांना त्या फुलदाणीची किंमत कळत नव्हती; त्या गृहस्थास कळत होती. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपण यंत्र दाखवीत हिंडलों, पण ज्याला त्याची किंमत कळेल असा माणूस शोधला नाहीं. त्यांनीं शोध सुरू केला. युद्धोत्तर काळांत न्यायालयांत लघुलेखकांची वाण होती. सर्वोच्च न्यायालयास यंत्र दाखवितांच त्यानें वीस यंत्रें घेतलीं. नंतर त्यांचें लक्ष शाळांकडे गेलें. भाषा शिकविण्यास, आकाशवाणीवरील पाठ मुलांना पुन्हां ऐकविण्यास अशा यंत्राची गरज होती. शाळांना परवडेल असें हलकें आणि स्वस्त यंत्र त्यांनीं १९५१ सालीं काढलें आणि तेथून कंपनीचें खरें पोट भरूं लागलें.

आपल्याकडेही याचें उदाहरण आहे. बेळगांवास सायकलींच्या दुकानापासून आरंभ करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमिनीस विष चढतें अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. नांगरांत दोष नव्हता. शेतकऱ्याच्या मनांतील भय दूर होण्यास तेवढा अवधि लागला. नव्या वस्तूच्या किंमतींत हा अवधि धरावाच लागतो. ज्याच्यापाशीं तेवढा धीर धरण्यापुरते पैसे नाहींत, त्याची वस्तु कितीही गुणी असली तरी ती बाजारांत रुजण्यापूर्वींच तो धंद्यांतून उठतो.

एक लक्ष रेडिओंची मागणी

आतां मुख्य कथेकडे वळूं. १९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५३ सालीं मोरितांच्या कंपनीनें वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीकडून २५,००० डॉलर देऊन त्याचा परवाना घेतला. एवढे डॉलर एका अप्रसिद्ध कंपनीस देऊं द्यावे कीं नाहीं, याविषयीं जपानचें सरकारी खातें कित्येक महिने कांकूं करीत होतें. परवाना देणाऱ्यांचेंही मत असें कीं, या वस्तूपासून श्रवणयंत्रापलीकडे घरगुती उपयोगाचें कांहीं व्हावयाचें नाहीं. इबुकांच्या मनांत मात्र रेडिओ होता.

जगांतील पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ त्यांचा नव्हे. तो "रीजन्सी" या नांवानें १९५४ सालीं अमेरिकेंत ४९.९५ डॉलरला विकावयास निघाला. मोरितांचा पहिला रेडिओ आला तो १९५५ सालीं. परंतु पहिला येणें आणि टिकून राहणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. रीजन्सीचें नांव आज केवळ जुन्या वस्तूंच्या संग्राहकांस ठाऊक आहे.

१९५५ सालीं मोरिता आपला चिमुकला रेडिओ घेऊन न्यूयॉर्कांत गेले. त्याची किंमत २९.९५ डॉलर ठेविली होती. पुष्कळ व्यापाऱ्यांनीं तो पाहून नाक मुरडलें. त्यांचें म्हणणें, अमेरिकेंतील घरें मोठीं, खोल्या मोठ्या. तेथें लोकांस मोठे, घुमणारे रेडिओ हवेत, हें खेळणें कोण घेणार? मोरितांचें उत्तर मार्मिक होतें. एकट्या न्यूयॉर्कांत वीसांहून अधिक आकाशवाणी केंद्रें आहेत. घरें मोठीं आहेत, तेव्हां प्रत्येकास आपली निराळी खोली आहे. मग प्रत्येकानें आपल्या खोलींत बसून आपल्या आवडीचें कां ऐकूं नये? व्यापाऱ्यांस जी अडचण दिसत होती, तींतच मोरितांना विक्रीचें कारण सांपडलें.

अशा वेळीं बुलोव्हा या सुप्रसिद्ध घड्याळाच्या कंपनीनें रेडिओ पसंत करून एकदम एक लक्ष रेडिओंची मागणी केली. या मागणीची रक्कम त्या वेळच्या जपानी कंपनीच्या एकूण भांडवलाच्या कितीतरी पट होती. अट एकच: रेडिओवर नांव बुलोव्हाचें असावें. मोरितांनीं टोकियोस तार केली. संचालकांचें उत्तर आलें कीं, मागणी स्वीकारा. मोरितांनीं पुष्कळ विचार केला आणि मागणी नाकारली.

बुलोव्हाच्या अधिकाऱ्यास हा वेडेपणा वाटला. आमचें नांव पन्नास वर्षांत सर्वतोमुखीं झालें आहे, तुमचें नांव येथें कोणास ठाऊक आहे, असा त्याचा आक्षेप होता. त्यावर मोरितांनीं सांगितलें कीं, पन्नास वर्षांपूर्वीं तुमचेंही नांव कोणास ठाऊक नव्हतें. आमच्या पन्नास वर्षांतील पहिलें पाऊल आम्हीं आज टाकीत आहों. पुढें आयुष्याच्या उत्तरार्धांत, आपल्या सर्व निर्णयांत हा उत्तम निर्णय होता असें त्यांनीं स्वतः नमूद केलें आहे.

ही कथा येथवर पुष्कळांनीं ऐकलेली असते आणि ऐकणारा तरुण ताबडतोब छाती फुगवून बाहेर पडतो. परंतु त्याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट मला अधिक शिकविणारी वाटते, आणि ती फारशी कोणी सांगत नाहीं.

जास्त माल, जास्त भाव

अमेरिकेंत दीडशें दुकानें असलेल्या एका पेढीस तो रेडिओ आवडला. नांव बदलण्याची तिची अट नव्हती. तिनें मोरितांकडे ५,०००, १०,०००, ३०,०००, ५०,००० आणि १ लक्ष अशा नगांचे भाव मागितले. कोणत्याही व्यापाऱ्यानें माल जसजसा अधिक तसतसा भाव कमी दिला असता. मोरितांनीं रात्रीं खोलींत बसून हिशेब केला. एक लक्ष रेडिओ करण्याची कारखान्याची शक्ति नव्हती. तेवढे करावयाचे तर नवीं माणसें घ्यावीं लागतील, नवी इमारत बांधावी लागेल, नवें कर्ज काढावें लागेल. बरें, पुढील वर्षीं या पेढीनें पुन्हां मागणी केली नाहीं तर? जपानांत कामावर घेतलेल्या माणसास सहज घरीं पाठविण्याची रीति नव्हती. म्हणजे एका वर्षाच्या नफ्यासाठीं पुढील सर्व वर्षांचा भार डोक्यावर घ्यावा लागणार.

तेव्हां त्यांनीं भावाची वक्ररेषा काढली. ५,००० नगांस नेहमींचा भाव. १०,००० नगांस सूट. सर्वांत स्वस्त भाव हाच. ३०,००० पासून भाव पुन्हां चढूं लागे. ५०,००० नगांस तो ५,००० च्या भावाहूनही अधिक, आणि १ लक्ष नगांस तर त्याहून कितीतरी अधिक! पेढीचा खरेदी-अधिकारी चकित झाला. तीस वर्षांच्या नोकरींत असा माणूस आपण पाहिला नाहीं असें तो म्हणाला. परंतु मोरितांनीं कारण समजावून सांगितल्यावर त्यास तें पटलें आणि त्यानें दहा हजार रेडिओंची मागणी नोंदविली. दोघांच्याही सोयीचा आंकडा तोच होता.

पाहा, येथें अभिमानाचा प्रश्न नव्हता, हिशेबाचा होता. बुलोव्हास नकार देणारा माणूस वेडा धाडसी नव्हता, हें या दुसऱ्या गोष्टीवरून कळतें. स्वदेशांत त्याच्या यंत्रांस गिऱ्हाईक होतें, म्हणून एक लक्षाची मागणी सोडूनही त्याच्या कामगारांची चूल पेटत राहिली. ज्याचें पोट दुसरीकडे भरलें आहे, त्यासच नाहीं म्हणण्याची चैन परवडते. ज्याचें तसें नाहीं, त्यानें मोरितांची नक्कल केली तर तो उपाशी मरेल.

नांव मिळविण्याची किंमत

नांव स्वतःचें ठेविलें, पण तें लोकांच्या तोंडीं बसविणें बाकी होतें. त्यासाठीं पुढें आठ-दहा वर्षें खर्चीं पडलीं. १९५७ सालीं खिशांत मावेल असा म्हणून एक रेडिओ निघाला. वस्तुतः तो सदऱ्याच्या साधारण खिशाहून किंचित् मोठा होता. म्हणून विक्रेत्यांसाठीं थोड्या मोठ्या खिशांचे सदरे शिवून घेण्यांत आले! ही युक्ति कांहींशी लबाडीचीच म्हणावी लागेल. १९५८ च्या जानेवारींत न्यूयॉर्कांतील एका वखारींतून चोरांनीं सुमारें ४,००० सोनी रेडिओ लांबविले. तेथें दुसरेही रेडिओ होते. त्यांस चोरांनीं हात लावला नाहीं. वर्तमानपत्रांतून ही बातमी आली आणि पैसे देऊनही मिळाली नसती अशी जाहिरात फुकट झाली.

आरंभीं विक्री तेथील मध्यस्थांमार्फत होई. परंतु मध्यस्थास माल खपविण्याची घाई, तर कंपनीस नांव राखण्याची काळजी, दोघांचें पटेना. अखेर १९६० सालीं सोनीनें अमेरिकेंत आपली स्वतःची कंपनी काढली, १९६२ सालीं न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर स्वतःचें प्रदर्शनगृह उघडलें, आणि १९६३ सालीं मोरिता पत्नी योशिको व तीन मुलें यांसह न्यूयॉर्कांत राहावयास गेले. ज्या लोकांस वस्तु विकावयाची ते सकाळीं काय खातात, मुलांस शाळेंत कसे पाठवितात, पाहुण्यांस कसें बोलावतात, हें हॉटेलांत राहून कळत नाहीं असा त्यांचा विचार होता. योशिकोबाईंना इंग्रजी फारसें येत नसतांही त्यांनीं तेथें घर मांडलें आणि पाहुण्यांचा राबता सांभाळला. धंद्याच्या इतिहासांत अशा गृहिणींचीं नांवें क्वचितच येतात. परंतु त्या वर्षांत कंपनीनें परक्या देशांत जो ऋणानुबंध जोडला, त्यांत त्यांच्या स्वयंपाकघराचाही वांटा होता.

पुढें १ जुलै १९७९ रोजीं "वॉकमन" निघाला, तेव्हांही हीच दृष्टि कामास आली. ज्यांत ध्वनिमुद्रण करतां येत नाहीं असें यंत्र कोण घेणार, अशी कंपनींतीलच लोकांस शंका होती. ३३,००० येन किंमतीचीं तीस हजार यंत्रें करून ठेविलीं, आणि पहिल्या महिन्यांत सुमारें तीन हजारच खपलीं. परंतु तरुण नोकर कानांस यंत्र लावून टोकियोच्या रस्त्यांतून, आगगाड्यांतून हिंडूं लागले, जाणाऱ्या-येणाऱ्यांस ऐकवूं लागले, आणि ऑगस्ट संपण्यापूर्वीं सारीं यंत्रें संपलीं. जी वस्तु लोकांनीं पूर्वीं पाहिलेलीच नाहीं, तिच्याविषयीं त्यांस आधीं विचारून काय उपयोग? ती त्यांच्या हातांत देऊन, कानांस लावूनच दाखवावी लागते.

परंतु हाच स्वाभिमान एकदां सोनीस भोंवलाही. १९७५ सालीं घरगुती चित्रमुद्रणाचें "बीटामॅक्स" यंत्र सोनीनें काढलें. त्यांतील फितींत आरंभीं एक तासाचेंच चित्रण मावे. दुसऱ्या वर्षीं जे.व्ही.सी. या कंपनीनें दोन तासांची "व्ही.एच.एस." पद्धति काढली आणि ती अनेक कारखानदारांस खुल्या मनानें वापरूं दिली. चित्रपट तर दोन तासांचा! जिकडे यंत्रें अधिक, तिकडे फिती अधिक. आणि जिकडे फिती अधिक, तिकडे गिऱ्हाईक अधिक. अखेर १९८८ सालीं सोनीस स्वतः व्ही.एच.एस. यंत्रें करणें भाग पडलें. एकट्याचें नांव सांभाळणें हा रेडिओच्या वेळीं गुण ठरला, आणि चित्रमुद्रणाच्या वेळीं तोच दोष ठरला. रेडिओ कोणाचाही असला तरी आकाशवाणी तीच ऐकूं येते. चित्रमुद्रणास मात्र शेजाऱ्याची फीत आपल्या यंत्रांत चालावी लागते. वस्तूचा स्वभाव ओळखल्यावांचून केलेला नियम फसतो तो असा.

सहीचा प्रश्न

सारांश, नवी वस्तु घेऊन बाजारांत शिरावयाच्या वाटा मुख्यतः चार आहेत. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नांवाखालीं शिरणें; स्वतःच्या नांवानें एका लहानशा, खऱ्या गरजूंच्या वर्गांत शिरणें; मोठें भांडवल ओतून एकदम सर्वत्र शिरणें; किंवा आपली युक्ति अनेकांस वापरावयास देऊन त्यांच्या खांद्यावरून शिरणें. यांतील कोणतीही वाट मूळचीच चांगली किंवा वाईट नाहीं. कोणती धरावी हें तीन गोष्टींवर ठरतें: वस्तूची किंमत कोणास कळते, आपली शक्ति किती, आणि डाव फसला तर काय गमवावें लागेल.

हे तीन प्रश्न मीं भाच्यापुढें मांडले. पहिल्या प्रश्नाचें त्याचें उत्तर तयार होतें, "मामा, म्हाताऱ्या माणसांस." मी म्हणालों, "तुझ्या आजीला विचार." आजीनें डबी हातांत घेऊन पाहिली, कौतुक केलें आणि किंमत ऐकून खालीं ठेविली. गोळ्या तिला वाटींत ठेवावयाची संवय. त्यासाठीं एवढे पैसे कशास? परंतु तिचा थोरला मुलगा अमेरिकेंत असतो. त्याला ती डबी दाखवितांच त्यानें किंमतही न विचारतां मागविली. आपल्या आळींत अशीं घरें किती आहेत हें सांगावयास नको. आईबाप येथें आणि मुलें सातासमुद्रांपलीकडे, किंवा निदान बंगळूरास. डबी वापरणार आई. परंतु तिची किंमत कळणार मुलाला, कारण गोळी घेतल्याचा निरोप त्याच्याकडे जातो. विकत घेणारा एक आणि वापरणारा दुसरा, हें भाच्याच्या तोंवर ध्यानांतच आलें नव्हतें. ही त्याची फुलदाणी!

दुसऱ्या प्रश्नावर आम्हीं कागद घेऊन बसलों. महिन्यास चारशें डब्या करणारा कारखाना थोड्या खर्चांत सहाशें करूं शकतो. त्यापुढें प्रत्येक डबी नव्या कर्जाची. नव्वद दिवसांची उधारी म्हणजे तीन महिने मजुरी आणि कच्चा माल पदरचा. येथें एक कायद्याची गोष्ट सर्व लहान कारखानदारांनीं ध्यानांत ठेवावी. २००६ सालच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्यास ४५ दिवसांपलीकडे पैसे अडवितां येत नाहींत; करारांत तसें लिहिलें असलें तरीही नाहीं. भाच्यानें आपल्या उद्योगाची नोंदणीच केलेली नव्हती. ती त्याच आठवड्यांत केली, आणि डबीच्या नांवाचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदणीसाठींही अर्ज केला. ती नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढें वाढवितां येते.

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र कागदावर मांडावें लागलें नाहीं. तें समोर बसलें होतें. डाव फसला तर भाच्याचें वय आहे, शिक्षण आहे; त्याला नोकरी मिळेल. परंतु त्याच्या आईनें पासष्टाव्या वर्षीं जावें कोठें? मोरितांच्या वडिलांनीं पैसे दिले ते धंद्यांतील भागीदार म्हणून. घराण्याची गादी त्यांनीं गहाण टाकली नव्हती. मीं बहिणीस सांगितलें कीं, तुला मुलास मदत करावयाची असेल तर जेवढे पैसे बुडाले तरी रात्रीं झोंप येईल, तेवढे दे. आणि ते कर्ज म्हणून न देतां भाग म्हणून दे. सही मात्र करूं नकोस.

भाचा प्रथम हिरमुसला. वीस हजारांचा आंकडा डोळ्यांपुढून सहजासहजीं हलत नाहीं. परंतु दोन दिवसांनीं तो स्वतःच एक कागद घेऊन आला. पेढीस पाठवावयाच्या पत्राचा तो मसुदा होता. दोन हजार डब्या, त्याच्या स्वतःच्या नांवानें, पंचेचाळीस दिवसांत पैसे, असा एक भाव. पेढीच्या नांवानें हव्या असतील तर तीन हजार, निराळ्या रंगाच्या, निम्मी रक्कम आगाऊ, असा दुसरा भाव. आणि वीस हजारांस तिसरा भाव, सर्वांत चढा. त्याखालीं त्यानें कारणही लिहिलें होतें. मोरितांची गोष्ट मीं त्याला सांगितली होती खरी. पण आंकडे सारे त्याचेच होते.

पेढीचें उत्तर अद्यापि आलेलें नाहीं. कदाचित् येणारही नाहीं. दरम्यान परदेशीं असलेल्या मुलांच्या घरीं, ओळखीओळखीनें, महिन्यास शंभर-सव्वाशें डब्या जाऊं लागल्या आहेत. प्रत्येक डबी भाचा स्वतः नेऊन पोंचवितो, आजीबाईंस शिकवितो, आणि त्या काय तक्रार करतात तें वहींत टिपून ठेवितो. घंटेचा आवाज लहान आहे, अक्षरें बारीक आहेत, झांकण कडक आहे, अशा सत्तर-ऐंशीं तक्रारी त्या वहींत जमल्या आहेत. वीस हजार डब्या एकदम केल्या असत्या तर हे सारे दोष वीस हजार घरीं गेले असते.

घराचे कागद बहिणीच्या कपाटांत पूर्वींच्याच जागीं आहेत.